हात धुवायला सांगणारे डॉक्टर



आपल्या चर्चच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर भरते तेव्हा आम्ही दाराजवळच्या टेबलावर नावे लिहून घेण्याचे काम करतो. तिथे बसल्या बसल्या पुष्कळ काही पाहायला मिळते. मागच्या शिबिरात एक तरुण खाटेवर झोपला होता. त्याला कामावर जायची घाई होती. नर्सबाईंनी त्याच्या कोपराच्या खोबणीत औषधाचा बोळा घासून फिरवला आणि मग त्या नुसत्याच थांबून राहिल्या. तरुणाला वाटले, बाई विसरल्या की काय! कशाची वाट पाहता, असे त्याने विचारले. औषध वाळल्याशिवाय सुई टोचायची नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. तरुणाने चटकन त्या जागेवर स्वतःचे बोट टेकवून वाळले असल्याची खात्री करून दिली. झाले! बाईंनी ती जागा पुन्हा पहिल्यापासून पुसली आणि पुन्हा तेवढाच वेळ थांबल्या. रांगेतले लोक हसले. एवढे कसले सोवळे, असेही कुणीतरी पुटपुटले.

बंधुभगिनींनो, त्या अर्ध्या मिनिटाच्या थांबण्यामागे एका माणसाचे अख्खे आयुष्य उभे आहे, हे आम्हाला त्या वेळी सांगावेसे वाटले. पण रांग मोठी होती. म्हणून आज या पानावर ती कहाणी सांगत आहोत. त्या माणसाचे नाव डॉ. इग्नाझ सेमेलवाइस. डॉक्टरांनी रोग्याला हात लावण्यापूर्वी आपले हात जंतुनाशकाने धुतले पाहिजेत, असा आग्रह धरणारे आणि त्यासाठी सर्वस्व गमावणारे ते डॉक्टर.

डॅन्यूबच्या तीरावरचे बालपण

आज हंगेरीची राजधानी बुडापेस्ट म्हणून ओळखली जाते. पण पूर्वी डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि समोरच्या तीरावर पेस्ट अशी दोन वेगळी शहरे होती. ती १८७३ साली एक झाली. त्यांपैकी बुडा शहरातल्या ताबान या वस्तीत १ जुलै १८१८ रोजी एका कॅथलिक कुटुंबात इग्नाझचा जन्म झाला. वडील किराणा मालाचे मोठे व्यापारी. घर खाऊनपिऊन सुखी आणि माणसांनी भरलेले. दहा भावंडांत इग्नाझ पाचवा.

१८३७ साली तो कायद्याच्या शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेला. ऑस्ट्रियाच्या साम्राज्याची ती राजधानी. पण वर्षभरातच त्याने कायद्याची पुस्तके मिटली आणि वैद्यकीय शिक्षणाकडे वळला. १८४४ साली तो डॉक्टर झाला. १ जुलै १८४६ रोजी, म्हणजे आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, डॉ. सेमेलवाइस व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतिविभागाचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. विभागाचे प्रमुख होते प्राध्यापक योहान क्लाइन.

या रुग्णालयात मुख्यतः गोरगरीब स्त्रिया बाळंतपणासाठी येत. त्यांच्याकडून पैसे घेतले जात नसत. त्याच्या बदल्यात शिकाऊ मंडळींना त्यांच्यावर शिकू द्यायचे, अशी रीत होती. प्रसूतीचे दोन कक्ष होते. पहिल्या कक्षात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. आज आलेल्या स्त्रिया एका कक्षात, उद्या आलेल्या दुसऱ्या कक्षात, अशी पाळी ठरलेली होती.

पहिल्या कक्षाची भीती

त्या काळी बाळंतपणानंतर येणाऱ्या तापाने असंख्य स्त्रिया मरत. त्याला सूतिकाज्वर म्हणतात. प्रसूती सुखरूप व्हायची, बाळ कुशीत यायचे, आणि दोन-तीन दिवसांत हुडहुडी भरून ताप चढायचा. पोट फुगायचे, असह्य दुखायचे, आणि आठवड्याभरात आई जायची. पुष्कळदा मागोमाग बाळही जायचे. आपल्याकडेही जुन्या घरांतून बाळंतरोगाने गेलेल्या पणज्यांच्या आठवणी निघतात. हे दुःख एका देशाचे नव्हते.

व्हिएन्नाच्या रुग्णालयात मात्र एक विचित्र गोष्ट होती. १८४६ साली पहिल्या कक्षात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता मरण पावल्या. शेकडा अकराहून अधिक! त्याच वर्षी शेजारच्या दुसऱ्या कक्षात ३,७५४ बाळंतपणे झाली आणि १०५ माता दगावल्या. शेकडा तीनसुद्धा नाही. एकच इमारत, एकच हवा, एकाच थरातल्या स्त्रिया. पण डॉक्टरांच्या कक्षात सुईणींच्या कक्षापेक्षा चौपट मरण.

ही गोष्ट शहरातल्या बायाबापड्यांना ठाऊक होती. आपली पाळी पहिल्या कक्षाची आहे असे कळताच स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून, आम्हाला दुसऱ्या कक्षात घ्या म्हणून विनवत. काही जणी तर वाटेतच, रस्त्यावर बाळंत होणे पत्करत. आणि नवल असे की रस्त्यावर बाळंत झालेल्या स्त्रियांना हा ताप क्वचितच येई. तरुण सेमेलवाइसना हे कोडे झोपू देईना.

घंटी वाजवीत येणारे धर्मगुरू

त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांची समजूत होती की हा ताप दूषित हवेने, ऋतुमानाने किंवा शरीरातील रसांच्या बिघाडाने येतो. सेमेलवाइसनी एकेक कारण घेऊन तपासायला सुरुवात केली. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या कक्षात जास्त होती. हवा म्हणावी, तर ती दोन्हीकडे सारखीच होती. दुसऱ्या कक्षात बाळंतिणीला कुशीवर झोपवीत, म्हणून त्यांनी पहिल्या कक्षातही तसे करून पाहिले. फरक पडला नाही.

मग त्यांचे लक्ष एका गोष्टीकडे गेले, जी आपल्याला विशेष जवळची वाटेल. मरणाच्या दारी असलेल्या स्त्रियांना अखेरचे संस्कार देण्यासाठी धर्मगुरू पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन येत. रिवाजाप्रमाणे पुढे एक सेवक घंटी वाजवीत चाले. दुसऱ्या कक्षात आजारी स्त्रियांच्या खोलीत त्यांना थेट जाता येई. पहिल्या कक्षात मात्र ती खोली अगदी टोकाला होती. तिथे पोहोचण्यासाठी धर्मगुरूंना पाच खोल्या ओलांडाव्या लागत. दिवसातून कितीतरी वेळा ती घंटी बाळंतिणींच्या उशापाशी वाजे, आणि आता पाळी आपली, असे वाटून त्यांच्या काळजाचे पाणी होई. स्वतः सेमेलवाइसनाही त्या घंटीने अस्वस्थ वाटे. या भीतीनेच तर ताप येत नसेल?

त्यांनी धर्मगुरूंना विनंती केली की आपण वळसा घालून, घंटी न वाजवता, गुपचूप आजाऱ्यांच्या खोलीत यावे. धर्मगुरूंनी ऐकले. घंटी थांबली, मरण थांबले नाही.

मित्राच्या बोटाला लागलेली सुरी

१८४७ च्या मार्च महिन्यात थकलेले सेमेलवाइस मित्रांबरोबर व्हेनिसला गेले. परत आले तो एक दुःखद बातमी त्यांची वाट पाहत होती. त्यांचे स्नेही, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का, वारले होते. एका शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातली सुरी चुकून त्यांच्या बोटाला लागली होती. जखम ती केवढीशी! पण तिचे विष अंगभर पसरले आणि १३ मार्च रोजी त्यांचा अंत झाला.

सेमेलवाइसनी शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि ते सुन्न झाले. कोलेच्कांच्या शरीरात आतून जी अवस्था सापडली होती, तीच त्यांनी शेकडो बाळंतिणींच्या शरीरात पाहिली होती. पुरुषाला बाळंतरोग कसा होईल? पण रोग तोच होता. मग कोलेच्कांच्या रक्तात सुरीवाटे जे शिरले, तेच या स्त्रियांच्या शरीरातही शिरत असले पाहिजे. कशावाटे?

उत्तर समोरच होते. पहिल्या कक्षातले डॉक्टर आणि विद्यार्थी रोज सकाळी शवागारात प्रेते तपासत आणि तिथून थेट बाळंतिणींच्या खाटेपाशी येत. हात साबणाने धूत, पण प्रेताचा वास बोटांना तसाच राही. त्याच हातांनी ते बाळंत होऊ घातलेल्या स्त्रियांची आतून तपासणी करीत. दुसऱ्या कक्षातल्या सुईणी शवागारात जात नसत. रस्त्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रीला तर कुणाचाच हात लागत नसे. शवागारातून मरण येत होते ते डॉक्टरांच्या हातांवर बसून.

यातला सगळ्यात कठीण भाग पुढेच आहे. शवागारात मन लावून काम करणाऱ्यांत सेमेलवाइस स्वतः पहिले होते. या रोगाचे कारण सापडावे म्हणून ते रोज प्रेते तपासत. म्हणजे ज्या मातांना वाचवण्यासाठी ते धडपडत होते, त्यांच्यापर्यंत मृत्यू पोहोचवणाऱ्या हातांत त्यांचेही हात होते. मधल्या काही महिन्यांत त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर होते. ते शवागारात फारसे जात नसत, आणि त्या काळात मृत्यू कमी झाले होते. सेमेलवाइसनी हे लपवले नाही. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली थडग्यात गेल्या ते एका देवालाच ठाऊक, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात दिली. पापनिवेदनाला गुडघे टेकणाऱ्या आपल्यासारख्यांना या कबुलीचे वजन कळेल. दुसऱ्याचा दोष शोधायला निघालेला माणूस स्वतःच्या हातांपाशी येऊन थांबला, आणि मागे फिरला नाही.

ब्लीचिंग पावडरचे पाणी

१८४७ च्या मे महिन्याच्या मध्यावर त्यांनी पहिल्या कक्षाच्या दाराशी एक पात्र ठेवले. त्यात क्लोरीनचे पाणी होते. पुढे ते स्वस्त पडावे म्हणून क्लोरीनयुक्त चुना वापरू लागले. म्हणजे आपण जिला ब्लीचिंग पावडर म्हणतो आणि पावसाळ्यात विहिरीत टाकतो, तीच. प्रेताचा वास जर या पाण्याने जातो, तर वास आणणारी वस्तूही जात असेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. जंतू हा शब्दही त्या काळी या संदर्भात कुणाला माहीत नव्हता. प्रत्येकाने या पाण्यात हात धुऊनच बाळंतिणीला हात लावायचा, असा नियम त्यांनी केला.

एप्रिल महिन्यात पहिल्या कक्षात शेकडा अठरा माता मेल्या होत्या. जून महिन्यात हे प्रमाण शेकडा दोनवर आले आणि जुलैत दीडच्याही खाली गेले. १८४८ या संपूर्ण वर्षात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले, म्हणजे दुसऱ्या कक्षाच्या बरोबरीने. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही माता दगावली नाही.

मध्ये एक धक्का बसला. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये कर्करोगाची एक रोगी स्त्री पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी हात नुसते साबणाने धुतले आणि रांगेतल्या पुढच्या स्त्रियांना तपासले. त्या वेळी बाळंत होणाऱ्या बारा जणींपैकी अकरा मरण पावल्या. यातून सेमेलवाइस शिकले की विष केवळ प्रेतातूनच येते असे नाही. जिवंत रोग्याच्या जखमेतूनही ते दुसऱ्याकडे जाते. तेव्हापासून दर दोन रोग्यांमध्ये हात धुण्याचा नियम त्यांनी घालून दिला. बंधुभगिनींनो, आज जगातल्या प्रत्येक दवाखान्यात हाच नियम आहे.

नाकारलेला माणूस

एवढे झाल्यावर सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले असेल असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच. हेब्रा, श्कोडा, रोकिटान्स्की यांच्यासारखे नामवंत डॉक्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण क्लाइन आणि इतर अनेकांना हे पटले नाही. हवेला दोष देणे सोपे होते. आपल्याच हातांनी आपल्या रोग्यांना मारले हे मान्य करणे फार कठीण. डॉक्टर म्हणजे सभ्य माणूस, आणि सभ्य माणसाचे हात अस्वच्छ कसे असतील, असाही अभिमान आड आला.

सेमेलवाइसचाही दोष होता. आपला शोध सविस्तर लिहून प्रसिद्ध करायला त्यांनी अनेक वर्षे लावली. सुरुवातीला त्यांच्या वतीने मित्र हेब्रा यांनीच वैद्यकीय मासिकात लिहिले. १८४९ च्या मार्चमध्ये त्यांची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही. पुढच्या वर्षी शिकवण्याची परवानगी मिळाली तीही स्त्रीच्या बाहुलीवर शिकवण्यापुरतीच. हा अपमान त्यांना सोसला नाही. जवळच्या मित्रांचा निरोपही न घेता ते व्हिएन्ना सोडून पेस्टला निघून आले.

पेस्टमध्ये त्यांनी १८५१ साली संत रोक यांच्या नावाच्या रुग्णालयात प्रसूतिविभाग हाती घेतला, तोही बिनपगारी. संत रोक म्हणजे प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करणारे आणि साथीच्या रोगांपासून रक्षणासाठी ज्यांचा धावा केला जातो ते संत. त्या रुग्णालयात सहा वर्षांत ९३३ बाळंतपणे झाली आणि सूतिकाज्वराने फक्त आठ माता गेल्या. १८५५ साली ते पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे मळक्या चादरींमुळे बाळंतिणी आजारी पडतात हे दिसताच स्वच्छ धुतलेल्या चादरींसाठी त्यांनी कारभाऱ्यांशी भांडण मांडले.

१८५७ साली त्यांचे मारिया हिच्याशी लग्न झाले. त्यांना पाच मुले झाली. पहिली दोन तान्हेपणीच गेली. परक्यांची बाळे आणि आया वाचवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरचे पाळणे रिकामे झालेले पाहावे लागले.

१८६१ साल छापलेला त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो लांबलचक आणि वाचायला जड होता. अनेक ठिकाणी त्यावर टीका झाली. मग सेमेलवाइसचा तोल सुटला. त्यांनी युरोपातल्या नामवंत प्रसूतितज्ज्ञांना जाहीर पत्रे लिहिली आणि हात न धुणाऱ्यांना सरळ खुनी ठरवले. त्यांचे म्हणणे खरे होते. पण त्या शब्दांनी दारे अधिकच घट्ट बंद झाली. सत्य सांगणाऱ्याची जीभ कडू झाली की ऐकणाऱ्याला निमित्त मिळते, हे आपणही आपल्या घरांत आणि सभांत पाहतो.

शेवटचे दोन आठवडे

१८६५ साली त्यांची मानसिक अवस्था फार ढासळली. त्यांना नेमका काय आजार झाला होता यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. ३० जुलै रोजी त्यांना व्हिएन्नाला नेण्यात आले. एक नवे रुग्णालय पाहायला जायचे आहे असे सांगून जुने मित्र हेब्रा यांनीच त्यांना मनोरुग्णांच्या इस्पितळात पोहोचवले. आपण कुठे आलो आहोत हे लक्षात येताच त्यांनी निघून जाण्याची धडपड केली. रखवालदारांनी त्यांना मारहाण करून बांधून ठेवले.

त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला जखम झाली होती. ती चिघळली, सडली आणि विष रक्तात भिनले. १३ ऑगस्ट १८६५ रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या विषाने मित्र कोलेच्का गेले आणि हजारो बाळंतिणी गेल्या, त्याच जातीच्या विषाने तेही गेले. १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणादिवशी, मोजक्या माणसांच्या उपस्थितीत त्यांना व्हिएन्नात मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, दूर ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर नावाचे सर्जन एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधत होते. तो मुलगा बरा झाला, आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. १८७९ साली लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वराचे साखळीसारखे दिसणारे जंतू दाखवून दिले. सेमेलवाइसचे म्हणणे सिद्ध झाले. पुढे त्यांचे अवशेष मायदेशी आणले गेले आणि १९६४ पासून ते बुडापेस्टमधील त्यांच्या जन्मघरातच विसावले आहेत. त्या घरात आज वैद्यकाचे संग्रहालय आहे आणि शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आपल्या दंडापर्यंत

आता पुन्हा आपल्या हॉलमधल्या खाटेकडे येऊ. सुईने शिरेतून रक्त काढण्याच्या कामाला फ्लेबोटॉमी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शीर कापणे. सेमेलवाइसच्या काळात रक्त काढणे हाच अनेक तापांवरचा उपचार मानला जाई; सुरीने शीर उघडून रक्त वाहू देत. ती सुरी निर्जंतुक करण्याची कल्पनाच तेव्हा नव्हती. आज रक्त काढतात ते तपासणीसाठी किंवा दुसऱ्याला जीवदान देण्यासाठी. काम बदलले, पण धोका त्याच दोन वाटांनी येतो. कोलेच्कांच्या वाटेने, म्हणजे टोचलेल्या टोकावाटे. आणि बाळंतिणींच्या वाटेने, म्हणजे न धुतलेल्या हातावाटे.

म्हणून रक्त घेणाऱ्याने प्रत्येक माणसाआधी आणि प्रत्येक माणसानंतर हात स्वच्छ करायचे असतात. साबण-पाण्याने धुतले तर चाळीस ते साठ सेकंद, स्पिरिटचे द्रावण चोळले तर वीस ते तीस सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यातून सुटका नाही, आणि एकाला वापरलेले मोजे दुसऱ्याला चालत नाहीत. सुई प्रत्येकाला नवी आणि आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी. रबरी पट्टा टोचायच्या जागेच्या चार बोटे वर बांधतात. तो मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला तर तपासणीचे आकडे चुकू शकतात. जागा स्पिरिटने तीस सेकंद पुसायची, तेवढाच वेळ वाळू द्यायची आणि त्यानंतर तिला बोट लावायचे नाही. जंतू मारायला औषधाला वेळ लागतो. शिवाय ओल्या स्पिरिटने झोंबते आणि नमुनाही बिघडतो.

रक्तदानात तर याला आणखी महत्त्व आहे. आपल्या कातडीवरचा एखादा जंतू सुईबरोबर पिशवीत गेला तर आपल्याला काही होणार नाही; पण ते रक्त ज्याला चढेल त्याचे काय? रक्तातल्या प्लेटलेट्स थंडीत ठेवता येत नाहीत, खोलीच्या तापमानाला ठेवाव्या लागतात. तिथे जंतूंना वाढायला पाच दिवस मिळतात. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी दान केलेल्या प्रत्येक पिशवीची तपासणी आपल्या देशात सक्तीची आहे. पण कातडीवरचा जंतू अडवायचा तो खाटेपाशीच, त्या अर्ध्या मिनिटात.

रक्त घेऊन झाल्यावर कापूस दाबून हात सरळ ठेवावा. आपण सवयीने कोपर दुमडतो, त्याने काळेनिळे होते. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालू नये, कारण तसे करताना बोटाला टोचू शकते. ती लगेच न भोसकता येणाऱ्या डब्यात टाकायची. आणि चुकून टोचलीच तर बोट पिळू नये, तोंडात घालू नये; वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. एचआयव्हीपासून बचाव करणारी औषधे जितकी लवकर, आणि ७२ तासांच्या आत, सुरू होतील तितके चांगले. लाजेने किंवा नोकरीच्या भीतीने लपवू नये. हे विशेष करून आपल्या धर्मग्रामातील त्या मुलामुलींसाठी लिहीत आहोत, जी हॉस्पिटलात, लॅबमध्ये, परदेशी नर्सिंगमध्ये काम करतात. कावीळ ब ची लस त्यांनी पूर्ण तीन डोस घेतलेली असावी.

आणि आपण, ज्यांचे रक्त काढले जाते, आपण काय करावे? नळीवर आपले नाव आपल्यासमोर लिहिले जाते का ते पाहावे. घाई करू नये. नर्सबाई थांबल्या तर आपणही थांबावे. आणि कुणी हात न धुताच सुई उचलली, तर भांडण न करता, गोड शब्दांत, कृपया हात धुता का, असे विचारावे. विचारायला संकोच वाटतो, हे आम्हालाही माहीत आहे. घरी म्हाताऱ्या आईचे रक्त घ्यायला माणूस येतो तेव्हा आम्हीही कितीदा गप्प बसलो आहोत. तो बिचारा उन्हातून आला, दहा घरे फिरून आला, त्याला कसे बोलायचे, असे वाटते. आता आम्ही तो आला की आधी मोरीपाशी साबण आणि धुतलेला नॅपकिन ठेवतो. मग बोलावेही लागत नाही.

सेमेलवाइसच्या काळातले डॉक्टर दुष्ट नव्हते. ते विद्वान होते, कष्टाळू होते, त्यांना रोगी बरे व्हावेत असेच वाटत होते. त्यांच्या हातून मरण गेले ते केवळ एका गोष्टीमुळे: आपल्याच हातात काही वाईट असू शकेल, हे मान्य करायला ते तयार नव्हते. एक माणूस तयार झाला, आणि त्यामुळे आज आपल्या लेकीसुना बाळंतपणाहून घरी परत येतात.

पुढचे शिबिर लागेल तेव्हा आम्ही पुन्हा त्याच टेबलावर असू. हॉलच्या नळापाशी साबण ठेवलेला असेल. तो मागच्या शिबिरातला तरुणही येईल, अशी आशा आहे. आपणही या. आणि बाई थांबल्या की त्या अर्ध्या मिनिटात, व्हिएन्नाच्या त्या मातांसाठी आणि त्यांच्या या डॉक्टरसाठी मनातल्या मनात एक नमो मरिया म्हणा.